एप्रिलच्या गार पाण्यातले ब्लूगिल: एका तळ्यावरचे आठ आठवडे

पार्श्वभूमी

शिकागोच्या पश्चिमेला पसरलेल्या उपनगरांत मराठी घरं बरीच आहेत आणि तळीही बरीच. त्यातली काही मुळात खडीच्या खाणी. उपसा संपला, पाणी साचलं, भोवती झाडं वाढली आणि ती जागा काउंटीचं राखीव वन झाली. हे प्रकरण अशाच एका तळ्यावरचं. तळ्याचं नाव देत नाही आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. पाण्याचं तापमान, गळांचे नंबर आणि आमच्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

माणसं तीन. अकरा वर्षांची एक मुलगी, तिचे बाबा, आणि वेंगुर्ल्याजवळच्या खाडीकाठच्या गावातून मार्चअखेर लेकाकडे आलेले तिचे आजोबा. आजोबा सत्तरीचे, आयुष्यभर खाडीत गरवलेले. मी बाबांचा मित्र. याच भागात चौदा वर्षं फ्लाय फिशिंग करतोय, म्हणून मला सोबत बोलावलं होतं.

मासा ब्लूगिल. उंच, चपटा, तळहाताएवढा, गालाच्या मागच्या टोकाला काळा ठिपका असलेला. इथल्या कुठल्याही तळ्यात सापडतो आणि बहुतेक मुलांचा आयुष्यातला पहिला मासा हाच असतो. 1986 मध्ये शाळकरी मुलांनी मतदान करून त्याला इलिनॉयचा राज्यमासा निवडलं. एरवी पंधरा ते वीस सेंटिमीटरचा असतो. आजवरचा सर्वांत मोठा 1950 मध्ये अलाबामातल्या केटोना तळ्यात मिळाला, तो सव्वादोन किलोच्या जरा आत भरला होता.

ज्यांनी फ्लाय फिशिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्याकडे गरी टाकतात तेव्हा ती लांब जाते शिशाच्या वजनाने. इथे गळाला पिसं, लोकर, तार गुंडाळून किड्याचं रूप दिलेलं असतं आणि त्याला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं जाड, गुळगुळीत लाइनमध्ये. काठी मागेपुढे करून ती लाइन हवेत उलगडायची, तिच्यापाठोपाठ किडा जातो. लाइन आणि किडा यांच्यामध्ये लीडर नावाचा निमुळता होत जाणारा पारदर्शक दोरा असतो. त्याच्या टोकाचा सर्वांत बारीक तुकडा म्हणजे टिपेट.

आदल्या जुलैत मुलीने पाण्यावर टुबूक टुबूक वाजणाऱ्या पॉपरवर एका संध्याकाळी तिसेक मासे धरले होते. तेव्हापासून तिला वेडच लागलं. हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर गळ घट्ट धरणारा छोटा शेगडा लावून तिने स्वतः चाळीस किडे बांधले. त्यात निम्मे फेझंट टेल. फ्रँक सॉयर या इंग्लंडमधल्या एव्हन नदीच्या राखणदाराने हा नमुना काढला. फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शेपटीचं पीस आणि तांब्याची बारीक तार, धागासुद्धा नाही. आजोबा येणार, आणि त्यांना स्वतः बांधलेल्या किड्यावर मासा धरून दाखवायचा, हे तिने नोव्हेंबरातच ठरवलं होतं.

अडचण

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही धक्क्यावर होतो. सुरुवात करायला थोडा उशीर झाला, कारण इलिनॉयमधला मासेमारीचा वार्षिक परवाना 31 मार्चला संपतो आणि बाबांच्या ते गाडी लावल्यावर लक्षात आलं. फोनवरून त्यांचा नवा परवाना काढला, आजोबांचा अनिवासी काढला. मुलीला सोळा वर्षांपर्यंत परवाना लागत नाही.

जुलैत जिथे मासे मिळाले होते तिथेच ती उभी राहिली. तोच पॉपर, तीच पाणवनस्पतींची कड, फक्त वनस्पती अजून उगवायच्या होत्या. तीनेक तास गेले आणि एकाही माशाने किड्याला तोंड लावलं नाही. बोटं गारठली, नाक लाल झालं. अकराच्या सुमारास तिने रील गुंडाळलं आणि कोणाशी न बोलता गाडीत जाऊन बसली.

आजोबा धक्क्यावरच होते. वाकून पाण्यात हात घातला, मनगटापर्यंत, आणि बराच वेळ तसाच ठेवला. म्हणाले, "मासो हयसर आसा. तो खाणा नाय, इतक्याच."

ते बरोबर होतं आणि ते मला आधी सुचायला हवं होतं. माशाचं रक्त पाण्याइतकंच गार असतं. पाणी दहा अंशांनी उतरलं की शरीराचा सगळा कारभार ढोबळमानाने निम्म्यावर येतो. भूक कमी, पचन मंद, हालचाल जेवढ्यास तेवढी. जुलैतला मासा पॉपरचा आवाज ऐकून दोन मीटरवरून धावत येतो. एप्रिलच्या सुरुवातीचा मासा तोंडासमोर येईल तेच गिळतो, तेही ते संथ असेल तर. आम्ही गेलो कॅलेंडर बघून. बर्फ मार्चच्या मध्यावर वितळला, शनिवार मोकळा होता, ऊन पडणार होतं, म्हणून गेलो. पाणी किती गार आहे हे चौघांपैकी एकानेही मोजलं नाही.

खरी अडचण मात्र मासे न मिळण्याची नव्हती. मुलगी घरी जाऊन म्हणाली की आता थेट उन्हाळ्यात जाऊ. आणि आजोबांचं परतीचं तिकीट मेअखेरचं होतं.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी बाबांच्या स्वयंपाकघरात चहावर बोलणं झालं.

बाबांचं म्हणणं थांबायचं. पाणी साधारण एकोणीस-वीस अंशांवर गेलं की नर उथळ पाण्यात घरटी करतात आणि तेव्हा मासा मिळतोच. खरं होतं, पण इथे ते मेच्या उत्तरार्धात होतं. एखादा आठवडा पाऊस-थंडीत गेला की आजोबा विमानात.

आजोबांचं म्हणणं गांडूळ लावा. तरंड्याखाली गांडूळ टांगलं तर गार पाण्यातही मासा घेतो, हे त्यांना सांगायला इलिनॉयची गरज नव्हती. मी मनातून याच बाजूचा होतो. मुलगी आधी आनंदात हवी, किडे पुढे आहेतच. पण तिच्या बाबांनी एक गोष्ट सांगितली आणि मी गप्प झालो. चाळीस किडे बांधताना तिने पहिले अकरा उसवून परत बांधले होते. गांडुळावर मासा मिळाला असता तर तिच्या दृष्टीने ते किडे हरले असते.

तिसरा पर्याय होडीतून खोल पाण्यात बुडती लाइन टाकण्याचा. हिवाळा संपताना बरेच मासे अजून खोलच असतात. पण गार वाऱ्यात, होडीत बसलेलं मूल, आणि सहा मीटर खालचा न दिसणारा किडा. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

चौथा पर्याय माझा. तळं सगळीकडे सारखं गार नसतं. सगळ्यात उबदार कोपरा शोधायचा, तिथे दुपारी जायचं, आणि छोटा किडा जवळजवळ न हलवता टांगून ठेवायचा. यात मासा मिळेलच अशी खात्री नव्हती, आणि ते मी मुलीला सरळ सांगितलं. तिने विचारलं, "उबदार कोपरा कसा कळणार, काका?" त्या प्रश्नाने निर्णय झाला असं मी समजतो.

काय केलं

बुधवारी संध्याकाळी, काठ्या घरी ठेवून, आम्ही चौघं तळ्याभोवती फिरलो. स्वयंपाकघरातला थर्मामीटर सुतळीला बांधला होता. पाच जागी, काठापासून दोन मीटरवर, गुडघाभर खोलीत मुलीने तापमान घेतलं आणि वहीत लिहिलं. धक्क्याशी 9 अंश. दक्षिण काठावर, झाडांच्या सावलीत, 8. पूर्वेला दगडी उतारावर 9. उत्तरेच्या काठावर 11. आणि वायव्येला, जिथे एक ओहोळ येऊन मिळतो आणि तळ काळ्या चिखलाचा आहे, तिथे 13.

एकाच तळ्यात पाच अंशांचा फरक. कारणं सरळ आहेत. उत्तरेकडचा काठ दक्षिणेला तोंड करून असतो, त्यामुळे वसंतातलं तिरपं ऊन त्यालाच दिवसभर मिळतं. मागची झाडं उत्तरेचा बोचरा वारा अडवतात. पाणी उथळ, आणि काळा चिखल ऊन शोषून घेतो. एक कारण मात्र माझ्या डोक्यात नव्हतं, ते आजोबांनी काढलं. उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "वारो खंयसून येता?" दोन दिवस दक्षिणेचा वारा होता. वरचं तापलेलं पाणी तो लोटत लोटत याच काठाशी आणून ठेवत होता. खाडीत वारा कुठल्या काठाला कचरा लावतो त्यावरून ते मासा कुठे असेल ते सांगत आले आहेत. इथे कचऱ्याऐवजी पाण्यावर किड्यांची बारीक सालं जमलेली दिसत होती. ही डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या मिजची. त्यांच्या अळ्या चिखलात राहतात, आणि गार पाण्यात ब्लूगिलचं मुख्य खाणं तेच.

शनिवारी दुपारी दोनला गेलो, कारण सकाळी पाणी रात्रीच्या थंडीने पुन्हा उतरलेलं असतं. कोपऱ्यात 14 अंश होते. 4 नंबरच्या हलक्या लाइनसाठीची, पावणेतीन मीटरची काठी. तरंगती लाइन, तेवढ्याच लांबीचा लीडर, 5एक्स टिपेट, म्हणजे साधारण 0.15 मिलिमीटर जाडीचं. ब्लूगिलचं तोंड फार लहान असतं, म्हणून 12 नंबरचा, म्हणजे बारीक गळ. वर वाटाण्याएवढा इंडिकेटर, आपल्या तरंड्याचा धाकटा भाऊ.

पहिला तास पुन्हा कोरडा गेला. इथे मी दोन चुका केल्या होत्या. इंडिकेटर किड्यापासून सव्वा मीटरवर बांधला होता, आणि तिथे पाणीच मीटरभर होतं. किडा चिखलात पडून होता. दुसरं, मी तिला तिच्या डबीतला टंगस्टनच्या मण्याचा किडा लावायला सांगितला, कारण तो लवकर बुडतो. पण ब्लूगिल किड्याजवळ येतो, थांबतो, निरखतो, आणि हळू खाली येणारी वस्तू बघत बघत घेतो. दगडासारखी खाली जाणारी गोष्ट त्याच्या ओळखीची नसते. मुलीनेच विचारलं, "काका, नुसत्या तारेचा लावू?" इंडिकेटर साठ सेंटिमीटरवर आणला आणि तारेचा फेझंट टेल बांधला.

तिसऱ्या की चौथ्या फेकीला इंडिकेटर थोडा कलला, बुडला नाही, आणि सरळ झाला. ती बघत राहिली, मीही. आजोबा मागच्या ओंडक्यावर बसले होते, तिथूनच म्हणाले, "घेतल्यान आणि थुकल्यान." अगदी तेच. ब्लूगिल तोंड उघडून पाण्यासकट घास ओढतो आणि पटला नाही तर क्षणात बाहेर टाकतो. गार पाण्यात ही सगळी हालचाल इतकी हलकी असते की इंडिकेटर बुडायची वाट बघणारा माणूस दिवसभर वाट बघत बसेल. त्यानंतर नियम केला, इंडिकेटर कलला, थबकला, वाऱ्याच्या उलट दिशेला सरकला, काहीही वेगळं केलं की काठीचं टोक वीतभर उचलायचं. झटका द्यायचा नाही.

पुढच्या दहा मिनिटांत पहिला मासा आला. पंधरा सेंटिमीटरचा, थंडीमुळे फिका, चमक नसलेला. ती ओरडली नाही. ओल्या हाताने डोक्याकडून मागे हात सरकवत पाठीवरचे काटे मिटवले, मासा धरला आणि आजोबांकडे बघितलं. आजोबा उठून पाण्यापर्यंत आले होते.

साडेपाचपर्यंत अकरा मासे. त्यातला सातवा मात्र घाशापर्यंत गिळलेला निघाला. गळाचा उलटा काटा आम्ही दाबलेला नव्हता. चिमट्याने काढायचा प्रयत्न केला, रक्त आलं, आणि मग टिपेट कापून मासा सोडला. तो पोहत गेला, पण पुढे जगला का ते कोणालाच सांगता येणार नाही. मुलगी पंधरा मिनिटं काठी हातात घेईना. त्याच जागी बसून आम्ही डबीतल्या प्रत्येक गळाचा काटा पक्कडीने सपाट केला.

पुढच्या आठवड्यात वायव्येकडून थंड हवेची लाट आली, रात्री पुन्हा बर्फ भुरभुरलं. शनिवारी कोपऱ्यात 10 अंश आणि मासा एकही नाही. मला वाटलं घरी जावं. बाबा म्हणाले, एवढ्यात ते जाऊन जाऊन जातील कुठे? ओहोळाच्या तोंडापासून वीसेक मीटरवर तळ अचानक अडीच मीटर खोल जातो, तिथे दोन मीटरवर किडा टांगला आणि तीन मासे मिळाले. उथळ उबदार जागेच्या शेजारी खोली असली की मासे थंडीत तिथे मागे सरतात आणि ऊन पडलं की परत येतात. नुसतं उबदार उथळ पाणी पुरेसं नसतं, हे मला त्या दिवशी जितकं स्पष्ट दिसलं तितकं चौदा वर्षांत दिसलं नव्हतं.

ठेवायचा की सोडायचा

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पाणी एकवीस अंशांवर गेलं आणि कोपऱ्याच्या वाळूच्या पट्ट्यावर घरटी दिसली. एकमेकांना लागून, थाळीएवढे उथळ गोल खड्डे, वीस-पंचवीस. प्रत्येकावर एक नर, छाती तांबूस-केशरी, शेपटीने वाळू झाडणारा. अंडी घालून मादी निघून जाते. अंड्यांना पंख्याने वारा घालावा तसं पाणी घालणं आणि येईल त्याला हुसकावणं हे सगळं नराचं काम. अंडी फुटायला दोन ते पाच दिवस लागतात.

आता मासा कोणालाही मिळाला असता. समोरून जाणाऱ्या किड्यावर नर धावतोच, भूक म्हणून नव्हे, राखण म्हणून. आणि आता आजोबांनी इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून दाखवलं. मासा धरायचा, त्याच्या तोंडाला जखम करायची आणि सोडून द्यायचा, हे त्यांना पटत नव्हतं. त्यांच्या लेखी खायचा नसेल तर धरू नये. हा मुद्दा मी उडवून लावू शकत नाही. सातव्या माशानंतर तर नाहीच.

म्हणजे ठेवायचे हे ठरलं. प्रश्न उरला कोणते. आजोबांचा हात साहजिकच मोठ्यांकडे गेला, आणि मोठे सगळे घरट्यांवर होते. मी त्यांना इलिनॉय नॅचरल हिस्टरी सर्व्हेच्या संशोधकांचं काम सांगितलं. तळ्यात मोठे राखणदार नर असले की धाकटे नर थांबतात. घरट्यासाठी त्यांच्याशी झुंजता येणार नाही, म्हणून आधी अंगाने वाढतात. मोठे काढून टाकले की धाकट्यांना थांबायचं कारण राहत नाही. लहानपणीच ते वयात येतात, सगळी ताकद पिलावळीत जाते, आणि काही वर्षांत तळं बोटभर माशांनी भरतं. वर, नर उचलला की मिनिटभरात आजूबाजूचे छोटे मासे त्या घरट्यातली अंडी फस्त करतात.

आजोबांनी नीट ऐकून घेतलं. मग मुलीला नारळी पौर्णिमेचं सांगितलं. पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो म्हणून होडी वर ओढून ठेवायची आणि पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच उतरायचं. जून-जुलैतली सरकारी बंदी यांत्रिक बोटींना पुढे आली, घरातला नियम त्यांच्या आजोबांच्या काळापासूनचा. "हाय तर तोच नियम," ते म्हणाले. मग घरट्यांपासून दूर, जुन्या खोल कडेवरून, मध्यम आकाराचे सहा मासे ठेवले. फलकावरच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी. रात्री आगळ, मिरची, मीठ लावून रव्यात घोळवून तळले. पांढरं, गोडसर मांस, काटे जरा जास्त. मुलीने दोन खाल्ले.

एक छोटी गोष्ट राहिली. तिला एक जिवंत मासा बादलीतून नेऊन त्यांच्या वसाहतीच्या तळ्यात सोडायचा होता. मी नको म्हणालो आणि का ते सांगितलं. 1960 मध्ये शिकागोच्या महापौरांनी जपानच्या युवराजांना, म्हणजे पुढच्या सम्राट अकिहितोंना, ब्लूगिल भेट दिले. तिथल्या तळ्यांत ते इतके माजले की स्थानिक मासे मागे पडले, आणि 2007 मध्ये अकिहितोंनी त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. मासा ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात सोडायचा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला शनिवार वाया गेला तो टाळता आला असता. थर्मामीटर माझ्याच गाडीत होता, डिकीत, मागच्या शरदापासून. मुलाला सोबत नेताना आदल्या दिवशी मोठ्याने एकट्याने जाऊन तापमान घ्यावं. पाणी 10 अंशांच्या खाली असेल तर सहल पुढे ढकलावी, किंवा तासाभराची ठेवावी आणि नुसतं पाणी मोजायला जावं. बुधवारची ती फेरी मुलीला मासे धरण्याइतकीच आवडली होती.

गळाचे काटे घरीच, बांधायच्या आधी, शेगड्यात दाबावेत. बांधून झाल्यावर दाबताना तीन गळ टोकाशी मोडले आणि तिची तेवढी मेहनत गेली.

गांडुळाबद्दल माझं मत अजून डळमळतं. या मुलीच्या बाबतीत ते न वापरणं बरोबर ठरलं, कारण तिचा हिवाळा त्या किड्यांत गेला होता. सहा वर्षांचं मूल असतं तर मी पहिल्याच दिवशी गांडूळ लावलं असतं.

आणि घरटी. त्या शनिवारी मुलीने दोन नर धरले आणि लगेच सोडले, प्रत्येकी जेमतेम मिनिटभर. दुसऱ्या नराच्या घरट्यावर तेवढ्यात चार-पाच बारके मासे तुटून पडलेले आम्ही सगळ्यांनी पाहिले. नर परतला, त्यांना पिटाळलं, पुन्हा शेपटीने झाडू लागला. किती अंडी गेली ते वरून दिसत नव्हतं. तिने लाइन गुंडाळली, आजोबांच्या शेजारी पोटावर आडवी झाली आणि उरलेला तास दोघं पाण्यात बघत राहिले. यंदा आम्ही ठरवलं आहे की 18 अंशांपर्यंत किडे टाकायचे, आणि वाळूवर पहिला खड्डा दिसला की त्या पट्ट्यावर काठी न्यायचीच नाही. बाबा म्हणतात हे जरा जास्त होतंय, मोठे मासे तेवढेच दिवस दिसतात. त्यावर अजून बोलणं चालू आहे.